फिनिक्स: व्हर्सायच्या चार लंगोटीयारांचा बँड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रेंच संगीताचा विषय निघाला की मी फिनिक्सवर येतोच, आणि मग समोरून तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

फिनिक्स म्हणजे नेमके कोण?

पॅरिसच्या शेजारच्या व्हर्सायमध्ये वाढलेल्या चार मित्रांचा पॉप-रॉक बँड. तोमा मार्स गातो. देक दार्सी बेस आणि कीबोर्ड वाजवतो. क्रिस्तियाँ मात्सालाय आणि लोराँ ब्रांकोवित्स हे दोघे गिटारवर असतात, लोराँ कीबोर्डही सांभाळतो. पहिला अल्बम २००० साली आला आणि सातवा २०२२ साली. इतक्या वर्षांत या चौघांतला एकही बाहेर पडला नाही आणि पाचवा कुणी कायमचा आत आला नाही. बँड म्हणजे काय असतं हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यातली नवलाई कळेल.

फ्रेंच लोक नाव ‘फेनिक्स’ असं उच्चारतात. राखेतून उठणारा तो पक्षी हाच.

ते खरंच बालमित्र आहेत, की ही जाहिरातीपुरती गोष्ट आहे?

खरंच आहेत. मार्स, दार्सी आणि क्रिस्तियाँ शाळकरी वयापासूनचे दोस्त. मार्सच्या घरी जमायचं, वाद्यं जोडायची आणि शेजाऱ्यांचा अंत पाहायचा, अशी सुरुवात झाली. क्रिस्तियाँचा थोरला भाऊ लोराँ तेव्हा दुसऱ्या बँडमध्ये होता. तो बँड मोडल्यावर १९९५च्या सुमाराला तो धाकट्या भावाच्या टोळीत शिरला.

थोरला भाऊ धाकट्याच्या मित्रमंडळात येतो तेव्हा सहसा दोनच गोष्टी होतात: तो दादागिरी करतो नाहीतर कंटाळून निघून जातो. लोराँने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. माझ्या मते या बँडच्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची घटना हीच.

भाऊ आहेत तर आडनावं वेगळी कशी?

घरचं आडनाव मात्सालाय. ब्रांकोवित्स हे लोराँने बँडसाठी घेतलेलं नाव. वडील इटालियन. पुढे ‘ती आमो’ या अल्बमच्या वेळी ही गोष्ट कामी येते, म्हणून लक्षात ठेवा.

व्हर्साय म्हणजे तोच राजवाडा, तोच तह?

तेच गाव. आपल्याला ते शाळेच्या इतिहासात दोनदा भेटतं, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या १९१९च्या तहाच्या धड्यात. तिथे राहणाऱ्या मुलांसाठी मात्र ते पॅरिसच्या नैर्ऋत्येचं, सुखवस्तू कुटुंबांचं, शांत आणि सरळ रस्त्यांचं उपनगर आहे. रात्री फारसं काही घडत नाही.

अशा गावात चांगलं संगीत का उगवतं? माझं मत असं की तिथल्या मुलांकडे घरात जागा होती, वेळ होता आणि बाहेर करण्यासारखं काही नव्हतं. ‘एअर’ हा नाजूक इलेक्ट्रॉनिक संगीताचा जोडबँड व्हर्सायचाच. एतिएन द क्रेसी आणि अलेक्स गोफर हे फ्रेंच हाउस संगीतातले (म्हणजे नाचासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातले) मोठे लोकही त्याच गावच्या मंडळीतले. एका शांत गावातून एका पिढीत इतकी नावं निघाली. मात्र यातल्या कुणाच्या संगीतात गावच्या राजेशाही वैभवाचा तोरा नाही. उलट, सगळ्यांना दूरच्या कुठल्यातरी जागेची ओढ आहे: अमेरिकेचा समुद्रकिनारा, अवकाश, इटलीतला उन्हाळा.

डाफ्ट पंकशी त्यांचं काय नातं?

लोराँचा आधीचा बँड म्हणजे ‘डार्लिन’. त्यात त्याच्यासोबत दोन मुलं होती, तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. नाव त्यांनी बीच बॉइजच्या एका गाण्यावरून घेतलं होतं. मोजकी गाणी ध्वनिमुद्रित झाली, त्यातली काही १९९३ साली ब्रिटनमधल्या एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढली. तिथल्या ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाने त्या संगीताला ‘डाफ्ट पंकी थ्रॅश’ म्हणून झटकून टाकलं. ‘येडपट, पंकछाप धडधड’ असा काहीसा त्याचा अर्थ. डार्लिन मोडला. बांगाल्तेर आणि ओमेम-क्रिस्तो यांनी ती शिवी उचलून तेच नाव घेतलं, डाफ्ट पंक: यंत्रमानवाचे मुखवटे घालून वाजवणारा तो प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक जोडबँड. तिसरा भिडू, म्हणजे लोराँ, धाकट्या भावाकडे गेला.

एका वाईट परीक्षणातून दोन बँडचे रस्ते फुटले, असं म्हणायला हरकत नाही. मैत्री मात्र तुटली नाही. २० ऑक्टोबर २०१० रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फिनिक्सचा कार्यक्रम होता. शेवटाकडे मंचावर अचानक डाफ्ट पंकचे ते दोन यंत्रमानव उभे राहिले. आधी जाहिरात नाही, कुणकुण नाही. त्या रात्रीचं चित्रण पाहताना त्या हजारो लोकांच्या किंचाळण्यापेक्षा मला लोराँ आठवत राहतो. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी तो याच दोघांसोबत गिटार घेऊन उभा होता.

फ्रेंच असून इंग्रजीत का गातात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि फ्रान्समध्येही त्यांना तो वर्षानुवर्षं विचारला गेला.

सोपं उत्तर: ते लहानपणी जे ऐकत वाढले ते बहुतेक इंग्रजी होतं. पण या निवडीची किंमत होती. फ्रान्सने १९९४ साली कायदा केला आणि १ जानेवारी १९९६पासून रेडिओ केंद्रांना किमान ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली लावणं बंधनकारक झालं. फिनिक्स नेमके त्याच काळात उभे राहत होते. म्हणजे आपल्याच देशाच्या रेडिओवर त्यांना परदेशी गाण्यांच्या वाट्याच्या जागेत मॅडोना आणि मायकल जॅक्सनबरोबर धक्काबुक्की करावी लागणार होती. घरच्यांना ते पुरेसे फ्रेंच वाटेनात आणि इंग्रजांना ते पुरेसे इंग्रज वाटेनात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मार्सचं इंग्रजी हे शिकलेल्या माणसाचं इंग्रजी आहे. त्याच्या ओळी सरळ गोष्ट सांगत नाहीत, शब्द आधी नादासाठी येतात, मग अर्थासाठी. इंग्रजी मातृभाषा असलेला कवी जी जोडणी करायला कचरला असता ती हा बेधडक करतो. आपण भारतीय श्रोते, ज्यांनी इंग्रजी गाणी आधी चालीवर ऐकली आणि शब्द नंतर शोधले, त्यांना हे गाणं परकं वाटत नाही. मला तरी पहिल्यापासून वाटलं नाही.

सुरुवात कशी झाली? पहिली रेकॉर्ड कोणती?

स्वतःचं ‘गेटोब्लास्टर’ नावाचं चिमुकलं लेबल काढून त्यांनी एका सिंगलच्या ५०० प्रती छापून घेतल्या. मग पॅरिसच्या ‘सोर्स’ या लेबलने त्यांना करारबद्ध केलं. एअरही तिथेच होते. ब्रिटिश टीव्हीवर एअरच्या कार्यक्रमांत मागे वाजवणारी मंडळी म्हणून हे चौघे उभे राहिले आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं.

पहिला अल्बम ‘युनायटेड’, साल २०००. एकाच तबकडीवर डिस्को आहे, मऊ रॉक आहे, कंट्री आहे, मध्येच पंकचा तुकडा आहे. ‘फंकी स्क्वेअरडान्स’ हे एकच गाणं नऊ मिनिटांहून लांब आहे आणि तीन वेगळ्या बँडनी मिळून केल्यासारखं वाटतं. ‘टू यंग’ आणि ‘इफ आय एव्हर फील बेटर’ ही दोन गाणी मात्र पहिल्या दिवसापासून पक्की होती. दुसरं गाणं आजही मैफलीत लागलं की लोक पहिल्या चार सुरांत ओळखतात.

या अल्बमचं मिक्सिंग फिलिप झदार याने केलं. हे नाव पुढे पुन्हा येईल.

मग लगेच प्रसिद्धी मिळाली?

नाही. पुढची नऊ वर्षं त्यांनी मध्यम यशात काढली.

दुसरा अल्बम ‘अल्फाबेटिकल’ २००४ साली आला. फार घासून-पुसून केलेला, प्रत्येक ठोका चिमट्याने उचलून ठेवल्यासारखा. ‘एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग’ त्यातलंच. मला तो आवडतो, पण त्यात हवा खेळत नाही हेही खरं. त्यांनाही बहुधा तसंच वाटलं असावं, कारण तिसऱ्या वेळी त्यांनी बरोबर उलट केलं. बर्लिनच्या पूर्व भागात, जुन्या पूर्व जर्मनीच्या सरकारी रेडिओच्या इमारतीत स्टुडिओ घेतला आणि एकही तयार गाणं न घेता आत गेले. जे सुचेल ते तिथेच रचायचं, लगेच वाजवायचं. त्यातून २००६चा ‘इट्स नेव्हर बीन लाइक दॅट’ निघाला: दोन गिटार, घाई, थोडा खडबडीतपणा. ‘लाँग डिस्टन्स कॉल’ ऐका, चौघे एका खोलीत उभे आहेत हे कळतं.

प्रत्येक अल्बमसाठी खोली बदलायची ही सवय इथून दिसायला लागते. आईवडिलांचं घर, बर्लिनचा रेडिओ, पॅरिसच्या मोंमार्त्र भागातला स्टुडिओ, जुनं नाट्यगृह, संग्रहालय. फिनिक्सचा प्रवास सांगायचा तर तो या खोल्यांचाच प्रवास सांगावा लागतो. माणसं तीच ठेवायची असतील तर जागा बदलावी लागते, हे त्यांना लवकर कळलं.

२००९ साली असं काय घडलं?

त्या वर्षी त्यांच्या डोक्यावर मोठं लेबल नव्हतं. सोर्सचा करार संपलेला. त्यांनी स्वतःच्या जोखमीवर अल्बम केला आणि स्वतःचं लेबल काढलं, नाव ठेवलं ‘लोयोते’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ निष्ठा.

झदारला त्यांनी पुन्हा बोलावलं, या वेळी सहनिर्माता म्हणून. काम मोंमार्त्रमधल्या त्याच्या ‘मोटरबास’ स्टुडिओत झालं. झदार स्वतः ‘कासियुस’ या हाउस जोडगोळीतला, त्यामुळे नाचाच्या संगीतात खालचा ठोका कसा बसवायचा हे त्याला हाडामांसात माहीत. फिनिक्सच्या गिटारी आणि झदारचा तो ठोका यांची सोयरीक या अल्बममध्ये जुळली. आवाज उजळ आहे पण टोचत नाही, वाद्यं भरपूर आहेत पण गर्दी नाही. हेडफोन लावून ‘लिस्टोमेनिया’चा पहिला अर्धा मिनिट ऐका. गिटार कोरडी, टणक, अगदी कानाशी येते, आणि मग ड्रम्स खोली उघडतात.

अल्बमचं नाव ‘वोल्फगांग अमाडेउस फिनिक्स’. मोझार्टचं नाव असं खांद्यावर हात टाकून वापरणं पोरकट वाटेल, पण यात एक गंमत आहे: सात-आठ वर्षांचा मोझार्ट १७६३च्या शेवटी वडिलांबरोबर खरोखर व्हर्सायला आला होता आणि १७६४च्या नववर्षाला पंधराव्या लुईच्या दरबारात होता. गाववालाच म्हणायचा.

फेब्रुवारी २००९मध्ये त्यांनी ‘१९०१’ हे गाणं फुकट डाउनलोडसाठी देऊन टाकलं. अल्बम बाजारात यायच्या आधीच, ४ एप्रिलला, अमेरिकेच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात वाजवलं. ज्यांच्याकडे विकायला तबकडीही नाही अशा बँडला तिथे जागा मिळणं फार दुर्मीळ. २५ मे रोजी अल्बम आला. अमेरिकेत तो ‘ग्लासनोट’ या नव्या, छोट्या लेबलने काढला. ‘१९०१’ कॅडिलॅक गाडीच्या जाहिरातीत वाजलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ऑल्टरनेटिव्ह गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

३१ जानेवारी २०१० रोजी या अल्बमला सर्वोत्तम ऑल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याच नामांकनांत डिपेश मोड होते, डेव्हिड बर्न आणि ब्रायन ईनो होते. म्हणजे ज्यांच्या रेकॉर्ड ऐकत ही मुलं मोठी झाली त्या वयाची मंडळी.

‘लिस्टोमेनिया’ आणि ‘१९०१’ ही नावं कुठून आली?

‘लिस्टोमेनिया’ हा शब्द जर्मन कवी हाइनरिश हाइने याचा, १८४४ सालचा. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याच्या मैफलींत श्रोते वेडेपिसे होत, त्याचे हातमोजे, रुमाल मिळवायला झोंबत. पॅरिसमध्ये बसलेल्या हाइनेने त्या वेडाला हे नाव दिलं. पॉप तारकांच्या मागे लागणाऱ्या गर्दीचं हे बहुधा सगळ्यात जुनं नाव.

‘१९०१’ हे त्या सालच्या पॅरिसचं स्वप्नरंजन आहे. आयफेल टॉवर उभा राहून बारा वर्षं झालीत, वीज नवी आहे, शहराला आपण जगाचा मध्य आहोत असं वाटतंय. आज ज्या पॅरिसचं संग्रहालय झालंय असं त्याच्या पोरांना वाटतं, ते तेव्हा जिवंत असेल का, ही त्यामागची हुरहुर.

‘लिस्टोमेनिया’वरच्या त्या नाचाच्या व्हिडिओंचं काय प्रकरण होतं?

कुणा चाहत्याने ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी तरुणांच्या चित्रपटांतले नाचाचे तुकडे या गाण्यावर जोडले. ते पाहून जगभरच्या मुलामुलींनी आपापल्या शहरांच्या गच्च्यांवर तसाच नाच करून व्हिडिओ टाकले. बॉस्टन विद्यापीठातल्या अशाच एका २०१०च्या व्हिडिओत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ नावाची विद्यार्थिनी होती. ती अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्यावर, जानेवारी २०१९मध्ये, तिची फजिती करायच्या हेतूने तो व्हिडिओ पुन्हा पसरवला गेला. लोकांना तो आवडला. गाणं दहा वर्षांनी परत ओठांवर आलं.

दुसरं प्रकरण मला जास्त मोलाचं वाटतं. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी एका व्याख्यानात हे नाचाचे तुकडे दाखवले होते. गाण्याचे ऑस्ट्रेलियातले हक्क असलेल्या रेकॉर्ड कंपनीने २०१३ साली ते व्याख्यान इंटरनेटवरून उतरवायला लावलं आणि खटल्याची धमकी दिली. लेसिग यांनीच उलट दावा लावला. २०१४ साली कंपनीने तडजोड केली, चूक मान्य केली. आणि फिनिक्स? त्यांनी जाहीरपणे लेसिग यांची बाजू घेतली: शिकवण्यासाठी, बोलण्यासाठी आमचं संगीत वापरा, आमची ना नाही. स्वतःच्या गाण्याची मालकी सांगणाऱ्या कंपनीविरुद्ध असं उभं राहायला धमक लागते.

ग्रॅमीनंतर पुढे काय?

चार वर्षं लावून ‘बँकरप्ट!’ केला. एप्रिल २०१३मध्ये आला आणि अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर चढला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवात शनिवारचा मुख्य कार्यक्रम त्यांचा होता.

या काळातली एक गोष्ट: मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’साठी वापरलेला हॅरिसन कंपनीचा ध्वनिमिश्रणाचा अवजड मंच त्यांना ऑनलाइन लिलावात सापडला आणि त्यांनी तो विकत घेतला. खरंच तोच आहे ना, याची खातरजमा करून घेतली. यशाच्या पैशातून लोक बंगले घेतात. यांनी लहानपणच्या आवडत्या रेकॉर्डचं यंत्र घेतलं.

अल्बम मात्र मला पूर्ण पटलेला नाही. सिंथेसायझरचे थर इतके की ‘एन्टरटेनमेंट’सारखं उत्तम गाणं सोडलं तर चाली खाली दबतात.

गायकाची बायको चित्रपट दिग्दर्शक आहे ना?

हो, सोफिया कोपोला. मार्स आणि तिचं लग्न २०११ साली दक्षिण इटलीतल्या बेर्नाल्दा गावी झालं, जे कोपोला घराण्याचं मूळ गाव. ओळख जुनी, तिच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या संगीतापासूनची. त्या चित्रपटासाठी एअरने केलेलं ‘प्लेग्राउंड लव्ह’ मार्सनेच गायलंय, पण ‘गॉर्डन ट्रॅक्स’ या टोपणनावाने.

तिच्या चित्रपटांत फिनिक्स वारंवार भेटतात. ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’मध्ये टोकियोतल्या रात्रीच्या प्रसंगात ‘टू यंग’ वाजतं. बऱ्याच जणांनी फिनिक्सला पहिल्यांदा ऐकलं ते तिथे, मीसुद्धा. ‘मारी आंत्वानेत’ (२००६) मध्ये तर ही मंडळी दरबारी वादकांच्या पोशाखात राणीसमोर वाजवताना दिसतात. व्हर्सायची पोरं, व्हर्सायच्या राणीपुढे. ‘द बिगाइल्ड’साठी त्यांनी इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीच्या चारशे वर्षं जुन्या धार्मिक रचनेतून अगदी विरळ पार्श्वसंगीत उभं केलं. तिथे गिटार, ठोका, काही नाही. पॉप बँडला गप्प बसता येणं हाही एक गुण आहे.

‘ती आमो’ इटालियन का आहे?

२०१४ ते २०१६ या काळात ते पॅरिसच्या ‘गॅते लिरिक’मध्ये रोज जाऊन काम करत होते. एकोणिसाव्या शतकातलं हे नाट्यगृह, एके काळी संगीतकार ऑफेनबाख याच्या हाताखाली चाललेलं, त्या काळी डिजिटल कलांचं केंद्र झालेलं. याच काळात, १३ नोव्हेंबर २०१५ रोजी, पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले. १३० माणसं मेली, त्यातली ९० बाताक्लाँ सभागृहात, एका मैफलीत. ज्या सभागृहात संगीत ऐकायला लोक जमतात तिथे.

आणि या खोलीत चौघांच्या हातून काय निघत होतं? उन्हाळा, आइस्क्रीम, समुद्रकिनारा, प्रेम, ऐंशीच्या दशकातला इटालियन डिस्को. बाहेर शहर शोकात असताना असं आनंदी काही करत राहणं त्यांना अवघड गेलं, अपराधी वाटलं, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलंय. पण त्यांनी ते थांबवलं नाही. मुंबईने २००८ पाहिलंय. दुसऱ्या दिवशी रेडिओवर गाणं लावावं की नाही हा प्रश्न आपल्याला समजतो.

इटली का, तर मात्सालाय भावांचे वडील इटालियन. लहानपणीच्या सुट्ट्यांतली, रेडिओवर ऐकलेली, अर्धी आठवलेली आणि अर्धी कल्पनेतली इटली. जून २०१७मध्ये अल्बम आला. ‘जे-बॉय’ आणि ‘फियोर दी लात्ते’ ही त्यातली माझी आवडती. अल्बम हलका आहे अशी टीका झाली. ते हलकेपण कोणत्या महिन्यांत कमावलंय हे माहीत झाल्यावर मला तो वेगळा ऐकू येतो.

फिलिप झदारचं काय झालं?

१९ जून २०१९ रोजी पॅरिसमध्ये एका इमारतीवरून पडून त्याचा मृत्यू झाला. दोनच दिवसांनी त्याच्या कासियुसचा नवा अल्बम यायचा होता, तो ठरल्या दिवशी आला.

फिनिक्ससाठी तो निर्मात्यापेक्षा जास्त होता. चार जुन्या मित्रांच्या खोलीत बाहेरचा माणूस म्हणून येऊन, कुणाचीही बाजू न घेता, हे ठेवा आणि हे फेका, असं सांगू शकणारा तो एकटा. लंगोटीयारांची हीच अडचण असते, एकमेकांना दुखवायचं नसतं.

‘आल्फा झुलू’ संग्रहालयात ध्वनिमुद्रित केला म्हणजे काय?

शब्दशः तसंच. पॅरिसमध्ये लूव्रच्या राजवाड्याच्या एका बाजूला सजावटकलांचं संग्रहालय आहे. तिथे त्यांनी स्टुडिओ थाटला, आणि मग करोना आला. संग्रहालय बंद, प्रेक्षक नाहीत, आसपास शतकांचं फर्निचर आणि शोभेच्या वस्तू, आणि मधोमध ही मंडळी सिंथेसायझर घेऊन. मार्स बराच काळ अमेरिकेत अडकला होता. ‘विंटर सोल्स्टिस’ हे गाणं त्या ताटातुटीतून आलं आणि ते तसंच ऐकू येतं, एकट्या माणसाचं.

अल्बम नोव्हेंबर २०२२चा. निर्मिती त्यांची स्वतःची, कारण झदार नव्हता. नावाची गोष्ट अशी: मार्स एका छोट्या विमानात होता, वादळात विमान हेलकावे खात होतं आणि वैमानिक रेडिओवर ‘आल्फा झुलू’ हे सांकेतिक शब्द पुन्हापुन्हा उच्चारत होता. ‘टुनाइट’मध्ये व्हॅम्पायर वीकेंड या अमेरिकी बँडचा एझ्रा केनिग गातो. फिनिक्सच्या अल्बममध्ये पाहुण्या गायकाचा आवाज येणं ही नवी गोष्ट.

ड्रमर कोण आहे?

मंचावर दिसतो तो थॉमस हेडलुंड, स्वीडनचा. वर्षानुवर्षं सोबत आहे आणि अफाट वाजवतो, पण बँडच्या छायाचित्रांत नसतो. याचं मला थोडं वाईट वाटतं.

मैफलीत पाहण्यासारखं काय असतं?

शेवटची दहा मिनिटं. मार्स माइकची लांबलचक वायर ओढत प्रेक्षकांत उतरतो, गर्दी ओलांडत पार मागच्या टोकाला जातो, कधी लोकांच्या हातांवर आडवा होऊन परत येतो. वायर डोक्यांवरून हातोहात पुढे सरकत जाते. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत एखादी वस्तू हातोहात पुढे जाताना पाहिली असेल, तर लोकांची ती आपोआप होणारी शिस्त ओळखीची वाटेल.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते होते का?

होते. ११ ऑगस्ट २०२४, समारोप समारंभ, स्ताद द फ्रान्स हे मैदान. त्यांनी एकट्याने मंच घेतला नाही. एअर आले, फ्रेंच संगीतकार काविन्स्की आणि बेल्जियन गायिका आंजेल ‘नाइटकॉल’ या गाण्यासाठी आले, कंबोडियाचा रॅपर वानडा आला, केनिग आला. खेळाडू मंचावर चढून बसले होते. ज्या बँडला कधी काळी पुरेसे फ्रेंच नसल्याचं ऐकावं लागलं, त्याने फ्रान्सचा निरोप साऱ्या जगापुढे गायला, बहुतांशी इंग्रजीत.

चौघे अजून एकत्र कसे?

मी बाहेरून जेवढं पाहिलंय त्यावरून सांगतो. गाण्यांचं श्रेय चौघांचं मिळून असतं, त्यामुळे ही ओळ माझी आणि तो सूर तुझा हा वाद मुळातच उरत नाही. मार्स अमेरिकेत राहतो, बाकीचे पॅरिसमध्ये, पण काम करायचं तर एका खोलीत बसूनच, हा आग्रह त्यांनी सोडलेला नाही. आणि घाई नाही. बावीस वर्षांत सात अल्बम म्हणजे साधारण तीन वर्षांत एक. मधल्या काळात माणसाला घर, मुलं, आजारपण, कंटाळा, सगळ्याला वेळ मिळतो.

नवख्याने कुठून ऐकायला सुरुवात करावी?

वोल्फगांग अमाडेउस फिनिक्स, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता. सदतीस मिनिटांच्या आसपास आहे, लोकलच्या एका फेरीत होतो. मधलं ‘लव्ह लाइक अ सनसेट’ दोन भागांत आहे आणि त्यात बराच वेळ कुणी गात नाही. ते गाळू नका.

आवडलं तर मागे ‘युनायटेड’कडे जा. नाही आवडलं तरी बर्लिनवाला तिसरा एकदा ऐका, कारण तो वेगळ्याच माणसांचा वाटतो. सगळ्यात शेवटी ‘आयडेंटिकल’, आल्फा झुलूमधलं अखेरचं गाणं. झदार गेल्यानंतर त्यांनी लोकांपुढे आणलेलं ते पहिलं. ते रात्री ऐका.